खळ्यावर पडलेला बर्फ

डोंबिवलीला थंडी पडते असं म्हटलं की माझी पुण्याची विहीण हसते. हसू दे. आमची थंडी म्हणजे काय, तर सकाळी पायाला फरशी गार लागते आणि खोबरेल तेल बाटलीत पांढरं होऊन बसतं, एवढीच. पण तेवढी आली की माझ्या नाकात, मी न बोलावता, भाताच्या पेंढ्याचा वास येतो. खाली वाकून बघावं तर पेंढा कुठला आलाय, ओळीने गाड्या उभ्या आहेत. आमचं खळं होतं तिथेच ही इमारत उभी राहिली. लिफ्ट जिथे खाली टेकते ना, साधारण तिथे मळणीचा खांब होता. त्याच्याभोवती बैल फिरायचे. आता माणसं वरखाली करतात.

परवा गॅलरीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. माझी नात ईशा कॉलेजातून आली, शेजारी खुर्ची ओढली आणि कानातली एक गुंडी काढून माझ्या कानात घातली.

"आजी, ऐक. नाटक आहे. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. अंतराळातलं आहे, पण गोष्ट ना, नॉर्वे-स्वीडनकडच्या जुन्या देवांची आहे. म्हणजे त्यांची पुराणं."

नाटक इंग्रजीत. मला त्यातलं कळत होतं तेवढं कळत होतं, बाकी ती मध्ये मध्ये सांगत होती. पण आधी वारा आला. लांबवर, मोकळ्या जागेतला, अंगावर काटा आणणारा वारा. मी म्हटलं, "हे सूप आहे."

"काय?"

"सुपात भात घोळवला की असाच येतो वारा. हळू घोळवायचा. जोरात केलंस तर पाऊस होतो."

ती हसली. पुढे त्या देवांचा एक गुणी मुलगा बोलू लागला, सगळ्यांचा लाडका असावा असा आवाज. मी शेंग मोडता मोडता सहज म्हणाले, "आता याला बांडगुळाची काडी मारणार."

ईशाने नाटक थांबवलं. "आजी, तू हे कुठे ऐकलंस?"

"ऐकलं नाही गं. केलंय. इथेच, या लिफ्टपाशी."

ते साल त्रेपन्न असेल नाहीतर चोपन्न. मी नुकती लग्न होऊन आलेली. माझं माहेर खाडीकाठचं, ठाण्याच्या अलीकडे, सगळं गाव मिठागरावर राबणारं. शाळा मी लांबूनच पाहिलेली. सासर शेतीवाडीचं. सासऱ्यांनी खळ्याच्या कडेला चार खोल्यांची चाळ बांधली होती आणि त्यात नोकरदार माणसं भाड्याने ठेवली होती. आम्ही घरात आगरी बोलणारे आणि अंगणापलीकडे ही पुस्तकी बोलणारी मंडळी. मी दोन्हीकडे कान ठेवून होते. आज जी काही मराठी लिहिते ती त्या अंगणात, इकडून तिकडे ताकाचं भांडं नेता आणता उचललेली.

पहिल्या खोलीत दत्तूकाका राहायचे. एकटे. अंबरनाथला काड्यापेट्यांच्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. तिथे एक स्वीडनचा साहेब होता, त्याला जेवणाच्या सुट्टीत बोलायला कोणी मिळायचं नाही. दत्तूकाकांना इंग्रजी येत होतं आणि ऐकायची आवड होती. साहेबाने त्यांना आपल्याकडच्या देवांच्या गोष्टी सांगितल्या. एका डोळ्याचा बाप, ज्याने दुसरा डोळा शहाणपणाच्या विहिरीला देऊन टाकला. त्याचे दोन कावळे, जगभरच्या बातम्या आणणारे. आणि एवढं मोठं एक झाड की त्याच्या फांद्यांवर नऊ जगं टांगलेली. दत्तूकाका संध्याकाळी गाडीतून उतरले की तडक आमच्या खळ्यावर यायचे आणि पायातल्या वहाणा न काढता सांगायला लागायचे.

त्या दिवसांत रेडिओवर श्रुतिका लागायच्या आणि काकांकडे रेडिओ होता. त्यामुळे त्यांच्या डोक्यात आलं की आपणही असं ऐकायचं नाटक करावं. पण पुराण जसंच्या तसं नाही. ते म्हणाले, "मंजुळा, ही नऊ जगं म्हणजे नऊ ग्रह. झाड म्हणजे लोखंडाचा मनोरा, एका ग्रहावरून दुसऱ्यावर जाणारा. कावळे म्हणजे बिनतारी यंत्रं. आणि देव अग्निबाणात बसून फिरतात. पुढे पन्नास वर्षांनी असंच होणार आहे बघ." मला त्यातलं अर्धं कळलं. पण मी मान डोलावली, कारण ते इतके खुशीत होते की न डोलावणं बरं दिसलं नसतं.

गोष्ट अशी. देवांच्या राणीने आपल्या मुलाला कोणी इजा करू नये म्हणून नऊ जगांतल्या प्रत्येक वस्तूकडून वचन घेतलं. लोखंडाकडून, दगडाकडून, विषाकडून. एका बांडगुळाला तेवढं विचारायचं राहिलं, ते फारच लहान वाटलं म्हणून. झालं, त्याच्याच काडीने मुलगा गेला आणि त्याच क्षणी लांडग्याने सूर्य गिळला. मुलाला दूरच्या एका गोठलेल्या ग्रहावर बर्फात नेऊन ठेवलं. तिथली मालकीण म्हणाली, नऊ जगांतलं झाडून सगळं त्याच्यासाठी रडलं तर परत देईन. दत्तूकाकांनी त्यात शास्त्र घातलं. अश्रू खारट, आणि मिठाने बर्फ विरघळतो.

मी विचारलं, "मिठाने बर्फ कसा विरघळेल?"

"अगं, आइस्क्रीमच्या भांड्यात बाहेरून बर्फात मीठ घालतात, पाहिलं नाहीस?"

मी मिठाच्या गावची. मिठाच्या राशींवर चढून उतरून माझे पाय तयार झालेले. पण बर्फ मी तोवर डोळ्यांनी पाहिला नव्हता.

आणि मग सगळं जग रडतं. दगडसुद्धा. एक म्हातारी मात्र रडत नाही. गुहेत बसलेली असते, म्हणते, मी नाही रडणार, आहे तिथे राहू दे त्याला. तिच्या एकटीमुळे मुलगा परत येत नाही.

त्या म्हातारीसाठी काकांनी आवाज निवडला माईंचा.

माई दुसऱ्या खोलीत राहायच्या. त्यांचा आवाज असा की अंगणातून हाक मारली तर रस्त्यावरचा सायकलवाला उतरायचा. त्यांचा एकुलता मुलगा माधव लढाईच्या दिवसांत बोटीवर गेला होता, बिनतारी यंत्रावर काम करायला. बोट गेली ती गेलीच. ना बोटीचा पत्ता, ना माणसांचा. घरात माई आणि माधवची बायको सुमनताई. तो गेला तेव्हा लग्नाला वर्षही पुरं झालं नव्हतं. मी आले तेव्हा सुमनताई तिशीची असेल. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि आवाज असा की ती नुसतं "मंजू, दूध उतू जातंय" म्हणाली तरी पुन्हा ऐकावंसं वाटायचं.

माईंच्या घरात रडायला बंदी होती. असं कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण होती. रडायचं ते मेलेल्या माणसासाठी, आणि माधव मेलेला नाही, मग रडायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. मला पहिल्यांदा समजलं ते कांद्यामुळे. सुमनताई कांदा चिरायला मागच्या दाराबाहेर पायरीवर बसायची, ऊन असो की पाऊस. मी विचारलं तर म्हणाली, "डोळ्यांत पाणी आलेलं माईंना चालत नाही."

मी हसले, मला वाटलं थट्टा करतेय. ती हसली नाही.

माई रात्रीचं जेवण व्हायच्या आधी दत्तूकाकांच्या रेडिओपाशी जाऊन बसत. गाणी नकोत, बातम्या नकोत. दोन स्टेशनांच्या मध्ये जी खरखर लागते ना, ती ऐकायची असे त्यांना. काका बिचारे काटा बरोबर मधोमध आणून ठेवत. माई म्हणत, "हाच त्याचा धंदा. यातलं त्याला कळायचं." थोडा वेळ ऐकायच्या, मग पदर सावरून उठायच्या, "आज काही नाही" असं म्हणत.

भात कापून झालं, झोडून झालं आणि खळं मोकळं व्हायला आलं. सासरे म्हणाले, "नाटक कराचा तं करा, पन भात आधी कनगीत जाऊं दे." आमचे हे लग्नकार्याला भोंगा भाड्याने द्यायचे, बॅटरीवर चालणारा. त्यामुळे कर्णा आणि माइक घरचाच होता. खळ्याच्या एका अंगाला दोरी बांधून त्यावर गोधड्या टाकायच्या, आम्ही त्यामागे आणि लोक पुढे. ऐकायचं नाटक, दिसायचं कोणीच नाही. त्याचा एक फायदा असा झाला की सुमनताईला बोलता आलं. नाटकात उभी राहा म्हटलं असतं तर माईंनी काकांना अंगणातसुद्धा उभं केलं नसतं. पण गोधडीमागून नुसता आवाज द्यायचा, त्याला काय हरकत. तिला राणीचं काम मिळालं, त्या मुलाच्या आईचं.

आणि मी आवाज काढणारी. वारा सुपातला. अग्निबाण उडताना घरचा स्टोव्ह, पंप मारून मारून तापवलेला, माइकच्या इतक्या जवळ धरायचा की माझ्या भुवया वाचल्या हेच नशीब. लोखंडी झाड करकरायचं तेव्हा विहिरीचा रहाट उचलून आणलेला. आणि बर्फ फुटायचा कुरडयांनी. वाळलेली कुरडई माइकपाशी हळू मोडली तर काय सुंदर बर्फ फुटतो म्हणून सांगू. तालमींतच अर्धा डबा संपला. सासूबाई रोज डबा उघडून बघायच्या.

"तुझं देव कुरड्या खातान का गो?"

"आई, बर्फ फोडायचा असतो."

"मंग बरफ आन. माझ्या कुरड्या कनाला फोरतंस?"

दुपारी सुमनताई मला अंगणातल्या आंब्याखाली शेजारी बसवून नाटकाचे कागद वाचायला शिकवायची. माझी बाराखडी अशी झाली. क कमळाचा नाही, क कावळ्याचा. पहिला अख्खा शब्द मी वाचला तो "बांडगूळ". नंतर मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, दुकानांच्या पाट्या वाचल्या, सापडेल ते वाचत सुटले. पण सुरुवात त्या कागदांवर, आंब्याखाली, आणि वर बघितलं तर आंब्यावर खरंच बांडगूळ होतं, लालसर फुलांचं. मी ते सुमनताईला दाखवलं. ती मान वर करून बघत म्हणाली, "एवढंसं तर आहे. कोण याला विचारायला जाणार."

अशात एका रविवारी दुपारी कल्याणहून अण्णा आले. अण्णा म्हणजे माईंचे दीर. सज्जन माणूस. लहानपणी माधवला त्यांनीच तळ्यात पोहायला शिकवलं होतं. मी माईंच्या पायरीवर वाल सोलत होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच झालं.

"वहिनी, या मार्गशीर्षात बारा वर्षं पुरी होतात," अण्णा म्हणाले.

माई म्हणाल्या, "चहा घेणार की कॉफी?"

"शास्त्र आहे वहिनी. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की दर्भाचा पुतळा करायचा, त्याच्या नावाने अग्नी द्यायचा, दिवस करायचे. पोराला पाणी मिळायला नको का? कुठे तहानलेला भटकत असला तर?"

"साखर कमी चालते ना तुम्हाला?"

"मी काही वैरी नाही, वहिनी."

"वैरी कोण म्हणतंय. वैऱ्याला मी चहा विचारत नाही."

सुमनताई दारात चहाचं ताट घेऊन उभी होती. पुतळ्याला अग्नी दिला की तिच्या कपाळाचं काय होणार हे तिघांनाही माहीत होतं, पायरीवर बसून मलाही माहीत होतं. पण तिच्याकडे कोणी बघितलं नाही. तिला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही, माईंनीही नाही. शेवटी अण्णा म्हणाले, पुढच्या रविवारी येतो, काय ते सांगा, गुरुजींना कळवावं लागेल. पुढच्या रविवारी आमचं नाटक होतं. माई म्हणाल्या, "या. नाटकही ऐका."

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. सुमनताईच्या कपाळाकडे बघायला मला भीती वाटायची, आणि बघितल्याशिवाय राहवायचं नाही. एकदा मी विचारलंच, "ताई, तुम्हाला काय वाटतं? ते असतील?"

ती कागद सारखे करत म्हणाली, "मंजू, असेल म्हटलं तर रोज वाट बघायची. नसेल म्हटलं तर एकदा रडायचं. मला दोन्हीतलं एक तरी करू द्यावं कुणी. माईंसमोर वाट बघायची ती त्यांच्या पद्धतीने, हसत."

आता कळतं, की त्या घरात दोघी एकाच माणसाची वाट बघत होत्या, पण माईंनी सगळी जागा अडवली होती. तेव्हा मला एवढं कळलं नाही. मी फक्त तिच्यासाठी आंब्याखाली पाणी आणून ठेवलं.

रविवार आला. दत्तूकाकांनी वेळ ठरवली होती ती फार हुशारीने. लांडगा सूर्य गिळतो तो क्षण आणि खाडीपलीकडे खरा सूर्य बुडतो तो क्षण एकच यायचा. त्यासाठी आठवडाभर घड्याळ घेऊन ते खळ्यावर उभे राहायचे. काकांच्या घरात बाईमाणूस नव्हतं, दिवा कधी लावायचा हे सांगणारं कोणी नव्हतं. त्यामुळे त्या वेळेला आणखी काही असतं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आणि आमच्याही नाही. आम्ही तालमी दुपारी करत होतो.

सगळी आळी आली होती. पेंढ्याच्या उडवीवर पोरं चढलेली, बाया पुढे, पुरुष मागे. अण्णांना खुर्ची दिली होती. सासूबाई सगळ्यांत पुढे, तुळशीपाशी, कारण दिवा लावायचा होता. पणती तयार, हातात काड्यापेटी. दोन गोधड्यांच्या फटीतून मला ते सगळं दिसत होतं.

आणि नाटक रंगलं. खरंच सांगते, रंगलं. वारा सुटला तेव्हा बायकांनी पदर अंगाभोवती ओढून घेतले. अग्निबाणाला मागून एक म्हातारा म्हणाला, "विझव रं तो, पेंढा हाय." राजपुत्राला काडी लागली, कर्ण्यातून किंकाळी आली आणि तिकडे सूर्य खाडीत गेला. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांनीच बुडवला.

मग सुमनताई माइकपाशी आली. "नऊ जगांतल्या जिवांनो," ती म्हणाली, "दगडांनो, झाडांनो, माझ्या मुलासाठी रडा. तुमच्या खाऱ्या पाण्याने बर्फ विरघळेल."

तालमीत या ठिकाणी मी हमखास रडायचे. सासूबाईसुद्धा एकदा डोळे पुसत गेल्या होत्या. काकांचा अंदाज होता की आता बाया मुसमुसतील, मग त्या आवाजातच मी कुरडया मोडायच्या. मी कुरडई हातात धरून बसले. समोर सगळं चिडीचूप. मी फटीतून पाहिलं. बायांनी पदर तोंडावर धरले होते, पण रडण्यासाठी नाही, रडू येऊ नये म्हणून. डोळे भरलेले, ओठ घट्ट.

काका कुजबुजले, "का रडत नाहीत?"

"काका, तिन्हीसांज आहे. दिवा लागायचाय."

"मग?"

"दिव्याच्या वेळेला रडत नाहीत."

काकांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. आठवडाभर मोजलेलं सगळं त्यांच्या तोंडावर उतरलं. पण थांबून चालणार नव्हतं. त्यांनी सुमनताईला पुढचं वाच म्हणून खूण केली.

"गुहेतल्या म्हातारे," सुमनताईने वाचलं, "सगळं जग रडलं. तू का रडत नाहीस?"

मागून कोणीतरी म्हणालं, "कोन रडलाय? कोनच नाय रडला." हशा झाला. माई माइकपाशी सरकल्या. त्यांचं वाक्य होतं, मला तो जिवंतपणी उपयोगी पडला नाही, मेल्यावर काय पडणार, बर्फात आहे तर बर्फात राहू दे. दहा वेळा म्हटलेलं, पाठ झालेलं. त्यांनी कागद मांडीवर ठेवला. तो खरखरीत, रस्त्यावर ऐकू जाणारा आवाज त्यांनी काढलाच नाही. अगदी हळू म्हणाल्या, "मी रडणार नाही. मी रडले तर तो मेला असं ठरेल."

हे कागदात नव्हतं. खळ्यावर कोणाला माहीत असायचं कारण नाही, पण अण्णांना कळलं. खुर्चीत ते पुढे झुकले. त्यांचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

आता सुमनताईने म्हणायचं होतं, म्हातारे, तुझ्या एकटीमुळे नऊ जगं अंधारात जातील. तिने कागद वर उचलला. मग खाली घेतला.

"माई," ती म्हणाली, "मग मी कधी रडू?"

कर्ण्यातून ते सगळ्या खळ्यावर गेलं. आणि ती रडायला लागली. ओरडून नाही. कोणी फार दिवस उचललेलं ओझं खाली ठेवताना जसा आवाज करील, तसं. ह्यांनी पटकन हात पुढे करून माइक बंद केला. पण खळं इतकं शांत होतं की कर्णा बंद झाला तरी तिचं रडणं ऐकू येतच राहिलं.

मी माईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांचा हात वर झाला होता, तिला गप्प करायला असेल. तो हात तिच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

बाहेर काळोख होत चालला होता. तिन्हीसांजेला बाई रडतेय आणि तुळशीपुढे दिवा नाही, आमच्या आळीत याहून अशुभ काही नव्हतं. कोणीतरी बाई म्हणाली, "लाव ना गो दिवा. रात झाली."

सासूबाईंनी काडी बाहेर काढली होती. ती त्यांनी परत पेटीत ठेवली आणि पेटी मुठीत धरली.

"थांब," त्या म्हणाल्या. "तिचा होऊं दे."

एवढंच. दिवा लावायच्या वेळेला रडायचं नाही ना, मग दिवाच लावायचा नाही तिचं होईपर्यंत. त्यांना कोणी शिकवलं होतं हे? शास्त्र सांगायला अण्णा बसले होते, ते गप्प होते. सगळी आळी काळोखात बसून राहिली. पोरंसुद्धा उडवीवरून उतरली नाहीत. दव पडायला लागलं होतं, पेंढ्याला तो ओला गोड वास सुटला होता. गोधड्यांच्या पुढे काही जणी मुसमुसू लागल्या होत्या. दिव्याची वेळच पुढे ढकलली होती ना, आता चालणार होतं. माझ्या हातात कुरडई तशीच होती. मी मोडली नाही.

मग सुमनताईने नाक पुसलं, तो आवाज ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग काडी ओढल्याचा.

नाटक तिथे संपलं असं आम्हाला वाटलं. पण लोक उठेनात. सासरे म्हणाले, "फुरं काय झाला?" मग दत्तूकाका गोधडीबाहेर येऊन पणतीच्या उजेडात बसले आणि शेवटचं पान त्यांनी एकट्यानेच वाचून दाखवलं. मुलगा परत येत नाही. लांडगे मोकाट सुटतात, जगं जळतात, बुडतात. पण त्या मोठ्या झाडाच्या खोडात दोन माणसं लपून राहिलेली असतात, दव पिऊन जगलेली. सगळं शांत झाल्यावर ती बाहेर येतात आणि बघतात तर जमीन हिरवी आहे. कोणी न पेरता पीक आलेलं. "ह्या चांगला हाय," सासरे म्हणाले, "न पेरता," आणि उठले.

अण्णा जायला निघाले तेव्हा माई त्यांना अंगणाच्या टोकापर्यंत सोडायला गेल्या. मी कंदील धरून मागे.

"अण्णा, पुतळा करायचा नाही," माई म्हणाल्या. "हिला रडायचं होतं, ती रडली. त्यासाठी अग्नी कशाला पाहिजे."

अण्णा चष्मा पुसत होते. "आणि पाण्याचं?"

"रोज तुळशीला घालतेच. त्याच्या नावाने आणखी एक तांब्या घालीन. कुठेही असला तरी पोचेल."

"बरं," अण्णा म्हणाले. पुढे आयुष्यभर त्यांनी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी माईंकडे ताक द्यायला गेले. सुमनताई घरात, चुलीपाशी बसून कांदा चिरत होती. डोळ्यांतून धार लागलेली. माई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. मला आठवतं, त्या घरात इतकं मोकळं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

माधव आला नाही. माई शेवटपर्यंत रेडिओची खरखर ऐकायच्या, पण कधी कधी काट्याला पुढे जाऊ द्यायच्या, गाण्यापर्यंत. सुमनताई पुढे शिकली, शाळेत मास्तरीण झाली, अर्ध्या डोंबिवलीच्या पोरांना तिने क शिकवला असेल. कपाळाचं कुंकू कधी लहान झालं, कधी नुसती टिकली उरली आणि कधी ती लावली काय न लावली काय असं झालं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते तिने तिच्या हाताने, तिच्या वेळेला केलं. त्या थंडीचं मला काय राहिलं विचाराल तर हेच. नऊ ग्रह मी विसरले. अग्निबाणही पुढे खरेच उडाले, काका म्हणाले तसे, त्यांचं मला फारसं काही वाटलं नाही.

ईशाला हे सगळं सांगितलं. तिने वाल सोलायला घेतले होते, निम्मे दाणे सालीत चालले होते. ती म्हणाली, "पण नाटकात ती म्हातारी वाईट असते ना, आजी? मुद्दाम रडत नाही."

"तिकडे असेल. आमच्याकडे माई होत्या."

मग तिने उरलेलं नाटक लावलं, या वेळी दोन्ही कानांत. मी टोपलं आत नेलं, हात धुतले, देवापुढे निरांजन ठेवलं, वात सारखी केली, काडी हातात घेतली. परत बाहेर डोकावले तर ही खुर्चीत पाय घेऊन बसलेली आणि गालांवरून पाणी चाललंय. नाटकासाठी, की तिचं काही होतं, मला माहीत नाही. गेले काही दिवस फोनवर ती दार लावून बोलते, एवढंच मला माहीत. समोरच्या इमारतीत एकेक खिडकी उजळत होती. सूर्य खाडीकडे गेलेला.

माझ्या तोंडावर आलं होतं, दिव्याच्या वेळेला रडू नये गं. सवयीने आलं होतं.

हातातली काडी मी पेटीत परत ठेवली, आणि देवघराच्या दाराला टेकून उभी राहिले. होऊ दे तिचं.